चौकटीत न मावलेला जोंधळा

मुलांची शब्दसंपत्ती वाढवायची तर शब्दखेळ घ्यावेत, हा सल्ला आपण शिक्षक मंडळी एकमेकांना नेहमी देतो. शब्दकोडी, शब्दांची साखळी, भेंड्या, उखाणे यांची पुस्तके आणि तक्ते शाळाशाळांतून दिसतात. मुले रमतात, वर्ग जागा राहतो. तेव्हा खेळ चांगलाच, असे आपण गृहीत धरतो. आम्हीही तसेच धरून चाललो होतो. पण वडूजकडच्या एका वर्गात शनिवारच्या सकाळी जे पाहिले, त्याने या साहित्याकडे चिकित्सक नजरेने पाहणे भाग पडले.

फळ्यावर शब्दकोडे काढले होते. आडवा शब्द, घरे दोन, सूचना 'भाकरीचे धान्य'. एक मुलगी ताडकन उठून म्हणाली, "जोंधळा!" बाई म्हणाल्या, "घरं दोनच आहेत की गं." मुलीने बोटांवर अक्षरे मोजली, तीन भरली. "आमच्यात जोंधळाच म्हणत्यात," एवढे पुटपुटून ती खाली बसली. मागच्या बाकावरून 'ज्वारी' आले, टाळ्या पडल्या, खेळ पुढे गेला. ती मुलगी मात्र तासभर पुन्हा बोलली नाही.

बाईंना दोष द्यावा असे यात काही नाही. घरे दोन होती हे खरेच. दोष आहे तो कोड्याच्या रचनेत. येरळेच्या काठी वाढलेल्या या मुलीकडे एकाच पिकाचे शब्द किती असतील पाहा : जोंधळा, रब्बीचा शाळू, कणीस, हुरडा, धाट, कडबा, कडब्याची गंज. 'ज्वारी' हा शब्द तिला मिळायलाच हवा, पण जोंधळ्याच्या बदल्यात नव्हे, जोंधळ्याच्या जोडीला. शब्द वाढवण्यासाठी घेतलेला खेळ मुलाचा एक शब्द गप्प करत असेल, तर ती वाढ म्हणायची की घट?

या खेळांचा गुणही सांगितला पाहिजे. आठवून पाहण्याने आठवण पक्की होते, हे मानसशास्त्रातील प्रयोगांनी वारंवार दाखवले आहे. कोडे सोडवताना मूल शब्द आठवू पाहते, म्हणून माहीत असलेला शब्द घट्ट बसतो. पण यातच मर्यादाही आहे. जो शब्द कधी भेटलाच नाही, तो आठवणार कुठून? ज्याला येते तोच उत्तर देतो, इतर टाळ्या वाजवतात. बहुतेक छापील शब्दकोडी अशी परीक्षा घेतात. शिकवण्याचे काम त्यांच्याकडून फारसे होत नाही.

दुसरे उदाहरण शब्दांच्या साखळीचे. शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द सांगायचा. मुले फार लवकर युक्ती शोधतात : फळ, मूळ, कमळ, बाभूळ. 'ळ' आला की समोरचा अडलाच! मग आपण घाईने सांगतो, "ळ आला तर ल धरा," आणि गाडी पुढे हाकतो. खरे तर या क्षणी मुलांनी भाषेचा एक नियम स्वतः शोधून काढलेला असतो. मराठी शब्दाच्या आरंभी 'ळ' येत नाही. मध्ये आणि शेवटी मात्र भरपूर येतो. 'ण'चे काय? 'ङ'चे काय? उदाहरणे जमवा, नियम मांडा, अपवाद शोधा. विज्ञानाची रीत यापेक्षा वेगळी काय असते? नियमाच्या दारापर्यंत आलेल्या मुलांना आपण सवलत देऊन परत पाठवतो.

आता उखाण्यांकडे वळू. उखाणा म्हणजे वेश पालटलेली व्याख्या. ही परंपरा फार जुनी. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील 164व्या सूक्तात बारा आऱ्यांचे चाक आणि जोडीने राहणारे 720 पुत्र येतात. बारा महिने, 360 दिवस आणि 360 रात्री; म्हणजे वर्ष. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्याच्या फडांतही शाहीर एकमेकांना कूटप्रश्न घालत आले. कोडे हे पूर्वीपासून मोठ्यांच्याही विचाराचे साधन होते.

वर्गात मात्र आपण उत्तर एकच मानतो. 'चार पाय आहेत, पण चालत नाही' असे विचारले आणि उत्तर 'खुर्ची' ठरवले, तर 'बाज' म्हणणारे मूल चुकले का? मुळीच नाही. चुकली ती सूचना; ती अपुरी होती. अशा वेळी वर्गालाच विचारावे : बाज गळेल आणि खुर्ची उरेल, अशी कोणती खूण घालू? हे विचारताच वर्गीकरण सुरू होते आणि 'पाठ', 'बैठक', 'टेकणे' असे शब्द कामासाठी वर येतात.

म्हणून आमचे मत असे की, कोडी सोडवून घेण्यापेक्षा मुलांकडून रचून घ्यावीत. प्रत्येक कोड्याला तीन प्रश्न विचारावेत. यातली प्रत्येक खूण खरी आहे का? याच खुणांचे दुसरे काही आहे का? खूण आपण स्वतः पाहून तपासू शकतो का?

'फुलतो उजेडात, फळतो अंधारात' हे भुईमुगाचे कोडे घ्या. मुले सहज म्हणतात, शेंगा म्हणजे मुळ्या. वेल उपटून पाहिला की आऱ्या दिसतात. फूल जमिनीवर येते, फलनानंतर आरी खाली वाढत मातीत शिरते आणि तिच्या टोकाला शेंग धरते. म्हणजे शेंग हे मूळ नसून फळ आहे. घरचा 'आरी' आणि पुस्तकातला 'फलन' असे दोन शब्द एकाच रोपावर भेटतात. उलट 'देवमासा' या शब्दावर मासा समजून कोडे रचले, तर पहिल्याच प्रश्नाला ते पडते, कारण देवमासा सस्तन प्राणी आहे.

किंवा हे पाहा : 'सावली आहे, पण ऊन अडत नाही, अडतो तो पाऊस.' उत्तर, पर्जन्यछाया. सह्याद्री चढताना वारे थंड होतात, पाऊस पश्चिमेला पडतो आणि पलीकडे उतरणारे वारे कोरडे असतात. याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. खटाव-माणच्या वाट्याला त्याचा दहावा हिस्सा येतो. वडूजची मुले या सावलीतच राहतात. त्यांना हा शब्द पाठ करायला लावणे म्हणजे नवलच.

आणि जोंधळा? पुढच्या शनिवारी घरे आखू नका. एवढेच विचारा : हरभऱ्याची डाळ होते, जोंधळ्याची का होत नाही? दाणे भिजवून, सोलून मुलांना पाहू द्या. हरभऱ्याचे दोन भाग होतील, जोंधळ्याचे होणार नाहीत. मग फळ्यावर 'द्विदल' आणि 'एकदल' लिहा. शेजारी 'ज्वारी' लिहा आणि 'जोंधळा'ही लिहा. त्या दिवशी उत्तर देणाऱ्यांत कोण कोण होते, ते आम्हाला जरूर कळवा.