न पाहिलेल्या चित्रपटाची समीक्षा

फ्रेंच समीक्षक सर्ज दाने (१९४४–१९९२) यांचा ‘कापो’विषयीचा लेख हे वस्तुतः एका प्रेक्षकाचे आत्मकथन आहे. पोन्तेकोर्वो यांच्या १९६० च्या या चित्रपटात छळछावणीच्या विद्युत्‌तारेवर आत्महत्या करणाऱ्या स्त्रीकडे कॅमेरा सरकत जातो व तिचे शव नेटकेपणे चौकटीत बसवतो. जाक रिव्हेत यांनी १९६१ मध्ये याचा धिक्कार केला. दाने यांनी चित्रपट न पाहताच तो निर्णय आयुष्यभर प्रमाण मानला. समीक्षेच्या दृष्टीने ही उणीव गंभीर होय. तथापि उपासमारीने खंगलेली मुले व नामवंत गायक यांच्या प्रतिमा एकमेकींत विरघळवणारी दूरचित्रवाणीवरील चित्रफीत त्यांनी स्वतः पाहिली होती. तिला हीच कसोटी लावताना उसना निर्णय त्यांचा स्वतःचा होतो. लेखाचे खरे मोल येथेच आहे.