डे-लिलीचा दांडा वाचताना

तेरड्याचा रंग तीन दिवस, असं आपण म्हणतो ते नाक मुरडूनच. डे-लिलीच्या फुलाला तर एकच दिवस मिळतो. सकाळी उमललेलं फूल रात्रीपर्यंत लुळं पडतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच दांड्यावर शेजारची कळी उघडते. तरीही इथे न्यू जर्सीत, भर उन्हातल्या बहुवर्षायू वाफ्यात, जुलै महिना मुख्यतः याच झाडाच्या जिवावर तरतो. नोंद झालेल्या जातींची संख्या लाखाच्या घरात आहे. एवढ्या गर्दीतून आपल्या वाफ्यासाठी चार जाती निवडायच्या, तर पाहायचं काय? कॅटलॉग फुलाचा चेहरा दाखवतात. माझं म्हणणं असं, की चेहऱ्याच्या आधी दांडा पाहावा. डे-लिलीची कला एका फुलात मावत नाही. किती कळ्या, कुठल्या फांदीवर, कुठल्या क्रमानं उमलतात, यात ती असते.

उदाहरणादाखल हायपेरियन घेऊ. इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनच्या फ्रँकलिन मीड यांनी 1924 मध्ये आणलेली ही जात शंभरी ओलांडूनही रोपवाटिकांत मिळते. फूल लिंबू रंगाचं, बारा-तेरा सेंटिमीटरचं. सहा दलं: बाहेरची तीन अरुंद, आतली तीन जरा रुंद. ती एकमेकांवर चढत नाहीत, मधल्या फटींतून मागची हिरवाई दिसते. आजच्या भरगच्च जातींपुढे हे फूल अंगानं किरकोळ वाटेल, पण या मोकळेपणामुळेच ते वाऱ्यात हलतं, पाऊस झटकतं आणि लांबून पाहिलं तरी त्याचा आकार हरवत नाही. गळ्याशी रंग हिरवट होतो, त्यामुळे पिवळा आणखी थंड भासतो. पुंकेसरांची टोकं वर वळलेली असतात आणि त्यांच्याही पुढे स्त्रीकेसर निघालेला असतो. शिवाय वास. डे-लिलीच्या असंख्य जातींना वास जवळजवळ नसतोच. हायपेरियनला आहे, गोड आणि हलका.

आता नजर खाली आणा. दांडा साधारण मीटरभर उंच, सडसडीत, पण आधाराची काठी न मागणारा. पानांचा झुपका त्याच्या निम्म्या उंचीवर बाहेर वाकतो, म्हणून फुलं हिरव्याच्या स्पष्ट वर, मोकळ्या हवेत राहतात. हे प्रमाण फार महत्त्वाचं. कित्येक देखण्या जातींचे दांडे आखूड निघतात आणि फुलं पानांतच तोंड लपवून बसतात. काहींमध्ये सगळ्या कळ्या शेंड्यालाच दाटतात. दोन फुलं एका दिवशी उमलली की एकमेकांना ढकलतात, धड कुणीच उघडत नाही. चांगल्या दांड्याला वरच्या भागात दोन-तीन फांद्या असतात, फांद्यांमध्ये अंतर असतं आणि कळ्या वेगवेगळ्या वयाच्या असतात. पंगत उठावी आणि दुसरी बसावी, पण मांडव रिकामा दिसू नये, अशी ही व्यवस्था.

हिशेबही सोपा आहे. एका दांड्यावर वीस कळ्या असतील आणि रोज एखादी उमलली, तर तो दांडा तीन आठवडे चालतो. कळ्या आठच असतील तर फूल कितीही सुंदर असो, आठवड्यात सगळं आटोपलं. म्हणून नवी जात घेताना मी आधी कळ्या मोजतो, मग फांद्या, आणि रंगाकडे सगळ्यात शेवटी वळतो.

मोसम लांबवण्याच्या बाबतीत एका बुटक्या जातीनं सगळ्यांना मागे टाकलं. तीही इंडियानाचीच. मेरिलव्हिलच्या वॉल्टर जाब्लॉन्स्की यांनी 1975 मध्ये नोंदवलेली स्टेला डी ओरो उंचीनं जेमतेम 28 सेंटिमीटर आणि फूल सात सेंटिमीटरचं. जूनमध्ये पहिला बहर येतो, आणि मग थांबत-थांबत थंडीपर्यंत फुलं येत राहतात. डे-लिलीचा सर्वोच्च सन्मान मानलं जाणारं स्टाऊट पदक तिला 1985 मध्ये मिळालं. आज ती पेट्रोल पंपाच्या कडेला, मॉलच्या पार्किंगमध्ये, बँकेच्या दारात सगळीकडे दिसते. अतिपरिचयानं तिची अवज्ञा होते, पण खरी अडचण तिच्या रंगाची आहे. हा सोनेरी पिवळा तापट आहे. गुलाबी किंवा जांभळ्या फुलांशेजारी लावला की त्यांना गप्प करतो. आणि पाणी कमी पडलं, गड्डा वर्षानुवर्षं फोडला नाही, की पहिल्या बहरानंतर तिचं सातत्य ओसरतं. तिचीच संतती असलेली हॅपी रिटर्न्स डॅरेल ॲप्स यांनी 1986 मध्ये आणली. पुन:पुन्हा फुलण्याचा गुण आईचा, रंग मात्र फिका लिंबू, वर मंद वास. मिश्र वाफ्यासाठी मी आईपेक्षा मुलीला पुढे ठेवीन.

रंगाचा मुद्दा निघालाच आहे, तर उन्हाची परीक्षाही सांगायला हवी. डे-लिलीला दिवसाचे सहा तास तरी थेट ऊन लागतं, नाहीतर दांडे कमी येतात आणि उजेडाकडे झुकतात. पण हेच ऊन गडद रंगांवर उलटतं. फिके पिवळे, पीचसारखे आणि मोतिया रंग दिवसभर निभावतात. गडद लाल आणि जांभळे दुपारपर्यंत उडतात, सुकतात, कधी पाण्याच्या थेंबांचे डाग धरतात. एड मरे ही 1971 ची काळपट लाल जात सकाळी पाहावी: मखमली पाकळी, आत हिरवा गळा, आणि पाकळ्यांच्या कडेला जेमतेम जाणवणारी पांढरट रेघ. त्या रेघेमुळेच एवढा गडद आकार हिरव्यात बुडत नाही. 1981 चं स्टाऊट पदक तिला उगाच मिळालेलं नाही. पण तिला जागा द्यायची ती सकाळच्या उन्हाची आणि दुपारच्या विरळ सावलीची. खरा निळा रंग डे-लिलीत अजून आलेला नाही, आणि पांढऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या जाती जवळून पाहिल्या की मोतिया, फिक्या पिवळ्या किंवा फिक्या गुलाबीच निघतात.

ज्यांच्या नावानं ते पदक दिलं जातं, त्या आर्लो स्टाऊट (1876–1957) यांच्या कामाशिवाय हे रंग समजत नाहीत. अमेरिकेत रस्त्याच्या कडेला, पडक्या घरांभोवती नारिंगी डे-लिली माजलेली असते. तिला बी धरत नाही, कारण तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच असतात. ती जमिनीखालच्या धावत्या खोडांनी पसरते, इतकी की काही ठिकाणी ती उपद्रवी गणली जाते. ही वांझ वनस्पती लहानपणापासून स्टाऊट यांच्या डोळ्यांसमोर होती. पुढे न्यू यॉर्क बोटॅनिकल गार्डनमध्ये त्यांनी चीनमधून आलेल्या रानटी जाती गोळा केल्या आणि वर्षानुवर्षं संकर केले. 1934 मध्ये थेरॉन ही पहिली गडद लाल जात आली. त्यापूर्वी डे-लिली म्हणजे पिवळा, नारिंगी किंवा तपकिरी छटा, एवढंच होतं.

स्टाऊट यांच्या जातींत माझी आवडती मात्र ऑटम मिनारेट, 1951 ची. दांडा दीड मीटरहून उंच, बारीक, वर छोटी सोनेरी-नारिंगी फुलं. इतर जाती थकल्या की ऑगस्टमध्ये ती सुरू होते. चेहऱ्यावर निवडणारा माणूस तिच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. फूल साधं, अरुंद दलांचं. पण वाफ्याच्या मागच्या रांगेत, उंच गवतांमध्ये, डोक्याच्या पातळीवर तरंगणारी तिची फुलं जी उंची देतात ती फार थोड्या डे-लिलींना जमते.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला आजच्या चतुर्गुणित, म्हणजे गुणसूत्रांचे चार संच असलेल्या, जाती आहेत. कोल्चिसिन हे द्रव्य गुणसूत्रांची संख्या दुप्पट करतं, हे 1937 मध्ये कळलं. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतही हेच विष असतं. संकरकारांनी ते डे-लिलीवर वापरलं आणि जाड पाकळ्या, धिप्पाड दांडे, गडद डोळे, चुणीदार सोनेरी कडा, दातेरी झालरी असं सगळं आलं. काहींची कारागिरी थक्क करणारी आहे. पण जाड कडा थंड सकाळी एकमेकींत अडकतात आणि फूल अर्धवटच उघडतं. कोमेजलेलं जाड फूल दांड्याला चिकटून राहतं; प्राजक्तासारखं स्वतःहून बाजूला होत नाही. अशा जाती लावायच्या तर रोज सकाळी कालची फुलं खुडायची तयारी हवी.

लागवडीत फारसं गूढ नाही. डे-लिली कंदाची लिली नव्हे. मांसल मुळं आणि त्यावर पंख्यासारखी मांडलेली पानं, असं तिचं रूप. हा एक पंखा म्हणजे विक्रीचं एकक, त्याला फॅनच म्हणतात. मुळं आणि पानं जुळतात तो भाग मातीखाली दोन-तीन सेंटिमीटर, दोन झाडांत 45 ते 60 सेंटिमीटर अंतर, पाण्याचा चांगला निचरा, आणि कळ्या धरायच्या दिवसांत सढळ पाणी. नत्र जास्त झालं की पानं माजतात, फुलं रुसतात. तीन ते पाच वर्षांनी गड्डा फोडावा. शेजारी डॅफोडिल लावले तर त्यांची पिवळी पडणारी पानं डे-लिलीच्या नव्या पानांआड जातात. अमेरिकेत 2000 पासून तांबेरा आढळतो. पानांवर नारिंगी भुकटी दिसली की ती पानं कापून टाकावीत. हरणं कळ्या खातात. आणि घरात मांजर असेल तर डे-लिली लावूच नये, तिनं मांजरांची मूत्रपिंडं निकामी होतात.

पुण्या-नाशिककडे लावायची असेल तर निवडीची कसोटी बदलते. हिवाळ्यात पानं झडून झोपणाऱ्या जातींना थंडीची सवय असते. उबदार हवेत त्या वर्षागणिक क्षीण होत जातात. तिथे सदाहरित जाती घ्याव्यात, एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली द्यावी आणि पावसाळ्यात वाफा उंच ठेवावा.

नव्या जातीच्या एका फॅनला शंभर डॉलरहून अधिक मोजणारे रसिक आहेत, आणि त्यांच्यामुळेच ही कला पुढे जाते. पण वाफा उभा करायचा असेल तर जुलैच्या एखाद्या दुपारी चार वाजता फुललेल्या बागेत जावं. त्या वेळी कुठला रंग टिकला, कुठलं फूल अजून उघडं आहे आणि दांड्यावर उद्यासाठी काय शिल्लक आहे, हे तिन्ही एका नजरेत कळतं. त्या कसोटीवर कॅटलॉगच्या मुखपृष्ठावरच्या बऱ्याच सुंदऱ्या गळतात आणि शंभर वर्षांची हायपेरियन आजही पहिल्या रांगेत उत्तीर्ण होते.