पूर्वपक्ष न शिकता

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी आंतरशालेय वादविवाद स्पर्धेचा परीक्षक म्हणून गेलो होतो. विषय होता, ‘संमतिवयाच्या विधेयकाला टिळकांनी केलेला विरोध योग्यच होता’. असा विषय निवडणाऱ्या शिक्षकाचे मनोमन कौतुक केले. मुले तयारीची होती, आवाज खणखणीत होते. मात्र अनुकूल बोलणारे काय नि प्रतिकूल बोलणारे काय, सगळेच गृहीत धरून चालले होते की या विधेयकाने मुलींच्या लग्नाचे वय वाढवले. तसे काहीच त्यात नव्हते. 1860 च्या दंड संहितेत शरीरसंबंधासाठी मुलीच्या संमतीचे वय 10 होते, विवाहित मुलीलाही तेच लागू होते. मार्च 1891 मध्ये ते 12 झाले, इतकेच. लग्न कोणत्याही वयात लावायला मोकळीक होती. मुलीच्या लग्नासाठी 14 वर्षांची अट घालणारा सारडा कायदा आला तो 1929 साली. म्हणजे दोन्ही बाजू त्या दिवशी जो कायदा मांडलाच गेला नव्हता त्याच्यावर भांडल्या, आणि आम्ही त्यांना ढाली वाटल्या.

दोष मुलांचा नाही. पदपथावर मिळणाऱ्या भाषणांच्या पुस्तिका मी हौसेने जमवतो. त्यांत मुद्दे असतात, टाळ्यांच्या जागा असतात. समोरचा नेमके काय म्हणतो हे समजून घेण्याची रीत नसते. आपल्या न्यायदर्शनाने चर्चेचे तीन प्रकार मानले: तत्त्वनिर्णयासाठी वाद, जिंकण्यासाठी जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता केवळ खोडून काढणारी वितंडा. मराठीने ‘वितंडवाद’ तेवढा रोजच्या बोलण्यात ठेवला. शाळेतल्या स्पर्धा जल्पाच्या असतात आणि फलकावर मात्र ‘वादविवाद’ लिहिलेले असते. आधी पूर्वपक्ष मांडायचा, तोही प्रतिपक्षाने ‘होय, हेच माझे म्हणणे’ अशी मान डोलवावी इतक्या नेटका, आणि मग उत्तराला हात घालायचा, हा जुना शिरस्ता अभ्यासक्रमात कुठे दिसत नाही.

1891 चाच वाद घ्या. त्यात निदान तीन प्रश्न एकमेकांत गुंतले होते. कोवळ्या वयातल्या संबंधाने मुलीला इजा होते का? हा वस्तुस्थितीचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर 1890 मध्ये बंगालमधल्या फुलमणी दासी या दहा-अकरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूने दिलेच होते. गर्भाधानाचा संस्कार ऋतुप्राप्तीबरोबर झालाच पाहिजे असे शास्त्र सांगते का? हा ग्रंथार्थाचा प्रश्न, त्यावर रा. गो. भांडारकर आणि टिळक यांची जुंपली. आणि परकीय सरकारने आमच्या घरात कायदा करावा का? हा सत्तेचा प्रश्न. टिळकांचा खरा जोर या तिसऱ्यावर होता. स्वेच्छेने सुधारणा करू म्हणणाऱ्यांसाठी त्यांनीच 1890 मध्ये मुलीचे लग्न 16 आणि मुलाचे 20 वर्षांआधी न करण्याचे कलम सुचवले होते. तेव्हा ‘टिळक बालविवाहाचे समर्थक’ हे प्रतिकूल बाजूचे लाडके वाक्य टिकत नाही.

पण पूर्वपक्ष नीट मांडला म्हणजे तो सोडून दिला असे नव्हे. सत्तेचा मुद्दा पुरेसा होता तर ‘केसरी’ला शास्त्राची काठी कशाला लागली? 1829 ची सतीबंदीही परकीय सरकारचीच. ती रद्द करा असे कुणी म्हणत होते का? आणि ज्या घराने प्रतिज्ञेवर सही केली नाही त्या घरातल्या मुलीने काय करावे? माझ्या मते टिळकांची बाजू या तिसऱ्या प्रश्नाशी अडखळते. आगरकरांना शास्त्राधाराची गरज वाटत नव्हती. त्यांचा युक्तिवाद म्हणूनच अधिक सरळ आहे. पण त्यांनाही विचारावे लागेल, की जो कायदा घराच्या आत पोचणे इतके अवघड, त्याने काय साधले? पुढे या कायद्याखाली खटले फारसे झाले नाहीत. त्यावरून कायदा चुकीचा ठरतो का, हा पुन्हा वेगळा प्रश्न, आणि वर्गात तो वेगळाच ठेवायला हवा.

हे सारे घेऊन मी एका शाळेत नववीच्या वर्गावर दोन तास मागितले. ‘वादग्रस्त विषय नको, पालक येतील,’ असे उत्तर मिळाले. (स्पर्धेत तोच विषय चालतो, कारण तिथे कुणी विचार करील ही भीती नसते.) अखेर एका ओळखीच्या बाईंनी सुट्टीच्या दिवशी दहा-बारा मुले जमवून दिली. अट एकच होती: ज्याचे म्हणणे पटत नाही त्याचे म्हणणे आधी लिहायचे, आणि ते दुसऱ्या बाजूच्या मुलाने तपासून सही करायची. पहिल्या तासाला एकाही कागदावर सही झाली नाही. दुसऱ्या तासाला चार झाल्या.

निघताना एका मुलीने विचारले, ‘यात मुलींचे म्हणणे कोणत्या बाजूला लिहायचे?’ मी तिला रखमाबाईंबद्दल सांगितले. लहानपणी लावलेले लग्न नाकारून त्या कोर्टात उभ्या राहिल्या होत्या, 1885 मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने पत्रे लिहीत होत्या, आणि विधेयकाचा गदारोळ चालला होता तेव्हा लंडनमध्ये डॉक्टरकी शिकत होत्या. तिने वहीत तिसरा रकाना आखला आणि वर फक्त त्यांचे नाव लिहिले.