बंपरच्या कडेची दोन बटणं

निस्सान सिल्व्हियाची एस-१३ ही पिढी १९८८ साली जपानच्या रस्त्यांवर आली, तेव्हा तिचा चेहरा विलक्षण नितळ होता. बॉनेट, मडगार्ड आणि बंपर यांच्यामधल्या फटी बारीक, एकसारख्या. बंपर कशाच्या आधाराने उभा आहे हे पाहणाऱ्याला कळू नये, यातच कारखान्याचं कसब होतं. तीच गाडी आज फुकुशिमा प्रांतात, निहोनमात्सुच्या डोंगरातल्या एबिसु सर्किटवर पाहिली, तर नजर आधी खिळते ती मडगार्ड संपून बंपर सुरू होतो त्या रेषेवर. रेषेच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशी ॲल्युमिनियमची दोन गोल बटणं, दोघांच्या कमरेला खाच, आणि त्या खाचांत ताणून बसवलेलं रबराचं जाड कडं. डाव्या कोपऱ्यावर एक जोडी, उजव्यावर एक, कधी वरच्या कडेला आणखी. अंगठ्याने कडं एका बटणावरून उतरवलं की तो कोपरा मोकळा होतो.

क्विक-रिलीज बंपरची ही सर्वांत साधी जात. मला तीच सर्वांत देखणी वाटते.

तिचं देखणेपण कळायला आधी तिची गरज कळायला हवी. मूळ बंपर उतरवायचा म्हणजे चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं अस्तर सैल करायचं, आत हात घालून कोपऱ्यातले नट चाचपडत शोधायचे, गाडीखाली आडवं होऊन खालचे बोल्ट काढायचे, आणि वरच्या कडेच्या प्लास्टिकच्या क्लिपा एकेक करून उपटायच्या. जुन्या गाडीच्या क्लिपा यात हमखास तुटतात. दुरुस्तीच्या दुकानात हे चालून जातं. पण टर्बो सिल्व्हियात फेरफार करणारे लोक कोपऱ्यातला मूळचा लहान इंटरकूलर, म्हणजे टर्बोकडून येणारी गरम हवा थंड करणारी जाळी, काढून टाकतात आणि रेडिएटरच्या पुढे, बंपरच्या बरोबर मागे, भलामोठा बसवतात. त्याच्या पाइपांचे जोड आणि क्लॅम्प सगळे बंपरआड जातात. सर्किटवर एखादा पाइप निसटला आणि इंजिनाचा जोर गेला, की पुढची फेरी सुरू व्हायच्या आत तिथवर हात पोचला पाहिजे.

दुसरं कारण ड्रिफ्ट. ऑक्टोबर २००० मध्ये याच एबिसुवर व्यावसायिक ड्रिफ्टची स्पर्धा झाली आणि पुढच्या वर्षापासून ती डी-वन ग्रां प्री या नावाने चालू लागली. केइची त्सुचिया आणि दाइजिरो इनादा हे तिच्यामागचे दोघे. या खेळात दोन गाड्या एकामागोमाग आडव्या सरकत वळण घेतात, आणि मागच्याने पुढच्याच्या दाराला जितकं खेटून जावं तितके गुण जास्त. म्हणजे मागच्या गाडीचा बंपर आणि पुढच्या गाडीचं दार यांच्यामध्ये वीतभर जागा राखायची, आणि तीही धुरात. धक्का लागणं हा इथे अपघात मानलाच जात नाही. तो खेळाचा भाग आहे, आणि बंपरने तो सोसायचा आहे.

आता तो सोसायचा कसा? कारखान्याचा बंपर लवचिक प्लास्टिकचा असतो. बाजारातले रुंद, खाली झुकलेले देखणे बंपर बहुतेक एफआरपीचे, म्हणजे काचेच्या तंतूंवर रेझिन चढवून घडवलेले. हलके, ताठ आणि ठिसूळ. असा बंपर बोल्टने पक्का आवळला तर धक्क्याचा सगळा जोर बोल्टच्या भोकाभोवती गोळा होतो. कोपरा भोकापासून फाटतो आणि जाताजाता मडगार्डचा पत्राही ओढून वाकवतो. रबरी कड्याचा जोड असेल तर कडं ताणलं जातं, फार झालं तर निसटतं किंवा तुटतं. बंपर कोपऱ्यातून सुटून लोंबतो, पण बहुतेक वेळा शाबूत राहतो. तुटायचंच असेल तर सगळ्यांत स्वस्त वस्तूने तुटावं, हे इथे आधीच ठरवून ठेवलेलं आहे. या जोडाची सारी बुद्धी मला त्या निर्णयात दिसते.

बसवण्याचं काम जवळून पाहिलं की ही बुद्धी बोटांत उतरलेली दिसते. जाणकार माणूस ड्रिलला आधी हातच लावत नाही. तो बंपर नुसता टेकवतो, मास्किंग टेपच्या पट्ट्यांनी जागच्या जागी धरून ठेवतो आणि चार पावलं मागे जाऊन पाहतो. बॉनेटखालची फट डावीकडे अधिक, उजवीकडे कमी दिसते का? मडगार्डशी कड एका पातळीत येते का? जपानी बॉडी-कारागीर फटी जुळवण्याच्या या कामाला चिरी-आवासे म्हणतात, आणि अनेकांचा निम्मा वेळ त्यातच जातो. एफआरपीचे बंपर साच्यातून थोडे पिळवटून निघतात. कुठे कड घासावी लागते, कुठे गरम हवेने किंचित वाकवावी लागते. हे साधल्यावरच खुणा. भोक पाडायच्या जागी टेप चिकटवायची, नाहीतर वरच्या जेलकोटचे टवके उडतात. आधी बारीक बिट, मग मोठा, वेग कमी, हातोडीची सोय बंद. कडेपासून पुरेसं आत, आणि मागच्या बाजूला रुंद वॉशर, म्हणजे ओढ एका बिंदूवर न येता पसरते. मडगार्डच्या बाजूला पत्र्याचं भोक उघडं ठेवायचं नाही. त्याच्या कडेला रंग लावायचा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो.

मग खरी कसोटी येते ती दोन बटणांमधल्या अंतराची. कडं निवांत असताना जेवढं लांब, त्यापेक्षा हे अंतर थोडंच जास्त हवं. फार जास्त झालं तर कडं दोरीसारखं ताठतं आणि थोड्याच दिवसांत चिरतं. कमी झालं तर वेग घेताच बंपर फडफडतो. समोरून घुसलेली हवा बंपरच्या पोटात साठते आणि त्याला बाहेर, खाली ढकलते. म्हणून खालच्या ओठाला आतून एक-दोन पट्ट्यांचा आधार द्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट नवशिके विसरतात. बंपरचं वजन कड्यांनी पेलायचंच नसतं. रेडिएटरच्या वरच्या चौकटीवर दोन खुंट्या किंवा एक पट्टी असते, बंपर तिच्यावर बसतो. वजन खुंटीने घ्यायचं, कड्याने फक्त बिलगून ठेवायचं. आपल्या बैलगाडीच्या जुवात हीच विभागणी आहे. शिवळ, म्हणजे जुवातली खुंटी, जागा धरून ठेवते, जोतं, म्हणजे गळ्याभोवतीचा पट्टा, बैलाला जुवाशी ठेवतं, आणि सोडायच्या वेळी जोतं एका हाताने सुटतं. जिथे ही विभागणी पाळलेली नसते तिथे बंपर महिनाभरात समोरून खाली वाकतो, कडी नेहमी ताणलेली राहतात, आणि मालक कड्यांना दोष देतो.

याच कामासाठी दुसरे जोडही आहेत. विमानांच्या झाकणांसाठी १९३० च्या दशकात विल्यम झूस यांनी केलेला पाव फेऱ्याचा जोड रेसिंगच्या गाड्यांवर सर्रास दिसतो. दांड्यावर पिळदार खाच, पलीकडे स्प्रिंगची वाकवलेली तार. स्क्रूड्रायव्हरने पाव फेरा दिला की तार खाचेत अडकते. तो पक्का आहे, पत्र्याशी सपाट बसतो, पण धक्का बसला तर सोडत नाही. शर्यतीच्या गाडीचं अख्खं नाक पिटमध्ये क्षणात बदलायचं तर तोच हवा. खेटून सरकायच्या खेळात मी त्याला नाकारीन. केबल टायचा जोड उलट टोकाचा. तडकलेल्या एफआरपीच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडून टायने शिवलेला बंपर एबिसुवर पावलोपावली दिसतो. त्यात धडाडी आहे, आणि एकसारख्या अंतरावर घातलेली शिवण असली तर देखणेपणही. पण प्रत्येक वेळी टाय कापायचा आणि नवा घालायचा. रबरी कडं या दोघांच्या मधलं आहे. ते धरतं, गरज पडली तर सोडतं, आणि पुन्हा तेच धरतं.

योकोहामाच्या दाइकोकु पार्किंग एरियात थांबलेल्या सजवलेल्या गाड्यांत कधी चकचकीत जांभळी बटणं लावलेली असतात आणि मागे मूळचे बोल्टही तसेच आवळलेले असतात. तिथे माझं मन लागत नाही. कडं तिथे ताण घेतच नाही. चांगला जोड ओळखायचा तर कड्याकडे पाहावं. ते दोन बटणांच्या मध्ये किंचित बारीक झालेलं असलं, तर ते काम करतंय.

रस्त्यावर ही गाडी चालवायची तर शाकेन, म्हणजे सरकारी तपासणी, नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी. गाडीची लांबी नोंदीपेक्षा तीन सेंटिमीटरहून आणि रुंदी दोन सेंटिमीटरहून बदलली की कागदपत्रांचा प्रश्न येतो. बाहेरच्या अंगाला टोकदार उंचवटेही चालत नाहीत. गोल घासलेल्या कडांची बटणं घेणं म्हणून शहाणपणाचं. पुढची नंबर प्लेट बंपरवरच असते, तेव्हा बंपर उतरवून डिकीत टाकला आणि तसंच घरी निघालं, असं करता येत नाही. बंपरमध्ये इंडिकेटर असतील तर त्यांच्या वायरला हाताने सुटणारा कपलर हवाच. तो विसरला तर सुटा बंपर उचलताना वायर तुटते.

रबर उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने कडक होत जातं. कडं काढून बोटांत वाकवून पाहावं. बाहेरच्या बाजूला बारीक चिरा उमटल्या तर त्याचं आयुष्य संपलं. बदलताना दोन्ही कोपऱ्यांची कडी एकदमच बदलावीत. एकीकडे नवं आणि दुसरीकडे जुनं ठेवलं तर बंपर नव्याच्या बाजूला ओढला जातो, आणि एवढ्या कष्टाने जुळवलेली फट पुन्हा वाकडी होते.