थळचें नांव व अणुकराराचे कागद

थळ हें नांव आमच्या वाचकांस खांदेरी-उंदेरीच्या कागदांवरून परिचित आहे. त्या गांवीं १९८७ पासून जड पाण्याचा कारखाना आहे. आणि त्यामुळें भारत व अमेरिका यांच्या अणुकराराच्या कागदांतहि थळ दाखल झालें आहे. राजकारणी पुरुषांनीं हे कागद पुष्कळ वाचले. पाठचिकित्सेच्या दृष्टीनें ते वाचल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं, म्हणून हा प्रयत्न.

मुलकी व लष्करी अणुकेंद्रें वेगळीं करण्याची योजना सरकारनें २००६ च्या मार्चांत व पुन्हां मे महिन्यांत संसदेपुढें ठेविली. तींत थळ, तुतिकोरिन व हजिरा येथील जड पाण्याचे कारखाने मुलकी ठरविण्याचें म्हटलें आहे. आणि लागलीच पुढें, देखरेखीच्या कामीं हे कारखाने प्रस्तुत नाहींत, असेंहि म्हटलें आहे. पहिल्या वाक्यानें दिलें तें दुसऱ्यानें बहुतेक परत घेतलें! परंतु दोन्ही वाक्यें उघड्यावर आलीं म्हणूनच आम्हांस हें बोलतां येतें, व तेवढ्यापुरतें सरकारचें अभिनंदनच केलें पाहिजे.

पुढील कागदाची गोष्ट निराळी. विएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुशक्ति संस्थेशीं करावयाच्या करारनाम्याचा मसुदा डाव्या पक्षांनीं मागितला असतां, तो गोपनीय आहे, असें उत्तर मिळालें. ८ जुलै २००८ रोजीं त्या पक्षांनीं सरकारचा पाठिंबा काढला. दुसऱ्या दिवशीं संस्थेनें मसुदा आपल्या नियामकांस वांटला. तो परदेशांत प्रसिद्ध झाला, आणि मगच परराष्ट्रखात्यानें तो स्वदेशीं प्रसिद्ध केला. अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या समितीनें विचारलेल्या ४५ प्रश्नांचीं उत्तरेंहि तिकडे कित्येक महिने झांकून ठेविलीं होतीं. समितीचे अध्यक्ष हॉवर्ड बर्मन यांनीं तीं २ सप्टेंबर २००८ रोजीं उघड केलीं, तेव्हां कळलें कीं, इंधनपुरवठ्याचीं आश्वासनें भारतास अणुस्फोटाच्या परिणामांपासून वांचविण्यासाठीं नाहींत. दुसऱ्या सरकारच्या अंतर्गत पत्रव्यवहारावर आम्ही मत देत नसतों, एवढेंच आमच्या परराष्ट्रखात्याचें म्हणणें! करार आपला, त्याचा अर्थ मात्र परक्याच्या दप्तरांतून वाचावयाचा.

हा अनुभव संशोधकांस नवा नाहीं. १६७४ च्या राज्याभिषेकप्रसंगीं हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला व तह झाला. त्याची हकीकत आपण मुख्यतः इंग्रजांच्या कागदांवरूनच वाचतों. तेथें काळानें व आगींनीं दप्तरें नेलीं म्हणावें. २००८ सालीं तसें कारण नव्हतें. वाटाघाटी चालू असतां वकिलाचीं पत्रें चव्हाट्यावर आणावीं, असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. पण शब्द कायम झाल्यावर, आणि ते परराष्ट्रांच्या नियामकांच्या हातीं जावयाचे असतां, स्वदेशाच्या संसदेपासून ते राखून कोणतें रहस्य राखलें जातें, हें आम्हांस उमगत नाहीं.

संग्राहकांस एक सूचना. विएन्नाच्या करारनाम्यावर २ फेब्रुवारी २००९ रोजीं सह्या झाल्या. प्रस्तावनेंत, परदेशी इंधन तुटल्यास भारतास सुधारणेचे उपाय योजतां येतील, असें आहे. ते उपाय कोणते, हें कलमांत कोठेंच सांगितलेलें नाहीं. केंद्रांच्या यादीचें परिशिष्ट तर मूळ प्रतींत कोरेंच होतें. नांवें मागाहून पुरवण्यांनीं भरलीं गेलीं. तेव्हां प्रत संग्रहीं ठेवितांना तिचा दिनांक व तिला जोडलेल्या पुरवण्या अवश्य नोंदवाव्या.