कडेवरचं नाव

व्हिक्टोरिया क्रॉसचं मानपत्र हा एक साहित्यप्रकार आहे असं मानून वाचून बघा. मी सध्या तेच करतोय, कारण किहीमला आमच्या घरी पणजोबांचं एक मेडल आहे आणि त्याला मानपत्र नाही.

नाईक यशवंत घाडगे आमच्याच जिल्ह्यातले, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबरच्या वरच्या खोऱ्यात, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन चालली. ते सोडून सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे पुढे धावले. ग्रेनेडने मशीनगन आणि ती चालवणारा संपवला, टॉमीगनने आणखी एकाला मारलं. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना ठोकून मारलं. स्नायपरच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून त्याच ठाण्यात ते गेले. वय 22.

या मजकुराची ताकद क्रियापदांत आहे. सर्व्हरचा लॉग वाचावा तसं एकामागून एक घडत जातं. सगळ्यात खरं वाटतं ते मॅगझीन, कारण शौर्य रंगवायला बसलेल्या माणसाला ते सुचणार नाही. पण शेवटी धैर्य, निर्धार, कर्तव्यनिष्ठा अशी तयार नामं येतात आणि मजकूर बसतो. शिवाय, आता सोबतीला कोणी उरलं नाही हे घाडग्यांना पक्कं ठाऊक होतं, असं तो सांगतो. मेलेल्या माणसाला काय ठाऊक होतं, हे लिहिणाऱ्याला कसं कळलं? जखमींनी त्यांना धावताना पाहिलं असेल. मनातलं मात्र कोणा साहेबाने टेबलावर लिहिलंय. पळसगाव तर त्यात नाहीच.

आता आमचं मेडल. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल, चांदीचं. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला नागडा पुरुष. पणजोबा याबद्दल काय म्हणाले असतील! कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि 110 मराठा लाइट इन्फन्ट्री. आजी सांगते, राजाने शौर्याबद्दल दिलं. तसं नाही. अशी चांदीची सुमारे 65 लाख मेडलं वाटली गेली. मजूर तुकड्यांना तेच मेडल कांस्याचं मिळालं, घोडा तोच.

अशा मेडलांवर मराठीत जे लिहिलं जातं, त्यातलं बरंचसं मला खटकतं ते इथेच. मोहिमेचं मेडल आणि पराक्रमाचं मेडल यांत फरकच केला जात नाही. प्रत्येक खापरपणजोबा नरवीर होतो. 110 वी पलटण कुटच्या वेढ्यात होती, 29 एप्रिल 1916 ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली, हे खरं. पण त्यावरून पणजोबांना कुटला नेऊन बसवायचं आणि उपाशी ठेवायचं, हे कादंबरीकाराने करावं. काका म्हणतात, "अरे, एवढं खोदून आजीचं समाधान का घालवतोस?" मला वाटतं, आजीची गोष्ट राहू दे, पण तिच्याखाली मेडलचा फोटो चिकटवून ती पुरावा म्हणून फिरवू नये.

आणि ती कड क्षुल्लक नाही. बसरा स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली गेली. हिंदी शिपायांची मात्र पलटणीनुसार नुसती संख्या. कोकणात आणि देशावर गावोगावी संगमरवरी पाट्या दिसतात: या गावातून इतके पुरुष महायुद्धाला गेले, इतके कामी आले. तिथेही आकडेच. पणजोबा जिवंत परतले, म्हणून मेलेल्यांच्या आकड्यातही ते नाहीत. ज्या सरकारने दगडावर नाव घातलं नाही, त्यानेच या धातूच्या अरुंद कडेवर एकेकाचं नाव ठोकलं. इंग्रजी कारकुनाच्या कानाला ऐकू आलं तसं. आमच्या आडनावातला 'ळ' तिथे 'ल' झालाय. साध्या सर्चमध्ये तो सापडणार नाही, म्हणून मी त्या नावाची अकरा स्पेलिंगं काढून ठेवलीत.

बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला अर्ज लिहिलाय. त्यात नंबर आधी टाकला, नाव नंतर. शौर्याचा रकाना ठेवलेला नाही. भरती कधी झाले आणि परत कधी आले, एवढंच विचारलंय.