सिंहली मुखवटे : शिल्प की संवाद?

श्रीलंकेतील अंबलंगोडाचे मुखवटे तुम्ही शोभेच्या वस्तू म्हणून पाहिले असतील. हलक्या कदुरू लाकडातील कोरीवकाम आणि भडक रंग लगेच नजरेत भरतात. मात्र केवळ शिल्प म्हणून केलेले मूल्यमापन अपुरे ठरते. ‘सन्नी यकुम’ या रात्रीच्या उपचारविधीत 18 व्याधींचे 18 ‘यका’, म्हणजे पीडा देणारी भुते, मानली जातात. ‘कोर सन्निय’चा वाकडा चेहरा अर्धांगवायू दाखवतो. रुग्णासमोर हा यका ढोलवादकाशी बोलतो, बोलण्यात फजित होतो. भीतीचे हसू होते. ‘कोलम’ नाट्यात राजा, शिपाई, धोबी मुखवट्यांतूनच उभे राहतात. म्हणून परीक्षण करताना प्रथम विचारा : हा चेहरा कोणाशी बोलण्यासाठी कोरला? काचेमागे कारागिरी उरते, उपचार उरत नाही.